आंबा घाटातील थांबा

कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. पण या रस्त्याने नित्य ये-जा करणारी माणसे ते किलोमीटरांत मोजत नाहीत. गाडी घाटाच्या वर आहे की खाली, एवढेच ती विचारतात. कोल्हापूर सोडले की जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा यांच्या मधून रस्ता पश्चिमेकडे निघतो. बांबवडे येईपर्यंत दोन्ही अंगांना उसाची शेते असतात. मलकापूरच्या पुढे ऊस विरळ होतो, भातखाचरे दिसू लागतात, माती तांबूस होते आणि हवेत गारवा येतो. मग आंबा नावाचे छोटे गाव लागते. १६६० च्या पावसाळ्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, ते याच मुलखातून. आंब्याहून आजही विशाळगडाकडे एक फाटा जातो. गाव संपते आणि जमीनही एकाएकी संपते. समोर कोकण उघडे पडते.

तेथून साखरप्यापर्यंत रस्ता वळणे घेत उतरतो. एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी. पावसाळ्यात कातळावरून धारा कोसळतात आणि धुक्यामुळे दहा पावलांवरचे दिसत नाही. माघ-फाल्गुनात मात्र हा घाट वेगळा भासतो. काटेसावरीवर लाल फुले येतात, पांगारा पेटल्यासारखा दिसतो आणि खाली काजळी नदीची बारीक रेघ उन्हात चमकते. संध्याकाळी गवे रस्त्याकडेला येतात, म्हणून जुने चालक दिवस मावळण्यापूर्वी घाट संपवण्याच्या बेतात असतात.

आपल्या समाजातील व्यापारी घराण्यांना हा रस्ता परका नाही. सांगलीची हळद आणि कोल्हापूरचा गूळ या घाटाने खाली उतरला. कोकणातला आंबा, काजू आणि आमसूल याच घाटाने वर आले. एकेका पेढीची दोन-तीन पिढ्यांची खातेवही या रस्त्यावर उभी आहे. आता रस्ता रुंद होत आहे, चौपदरीकरणाची कामे चालू आहेत आणि प्रवासाचा वेळ घटत आहे. पण चढ तेवढाच राहिला आहे. रस्ता कितीही रुंद झाला तरी खालची गाडी वर न्यायची म्हणजे इंजिनाला तेवढेच काम करावे लागते. हे काम हल्ली कोणाच्या जिवावर होते, हे गेल्या माघात मला फार जवळून पाहता आले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मी रत्नागिरीस बँकेत नोकरीला होतो. मालमोटारींसाठी दिलेल्या कर्जांची पाहणी करण्याचे काम माझ्याकडे असे. त्यानिमित्त कित्येकदा चालकाशेजारी बसून मी हा घाट चढलो आहे. त्या काळी बहुतेक मालमोटारींना टर्बो नसे. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, कण्हत चढे. साखरप्याला थांबून पाणी पाहायचे, वाटेत एकदा इंजिन निववायचे आणि आंब्याला पोहोचल्यावर बॉनेट उघडून चहा घ्यायचा, असा शिरस्ता होता. आज तीच चढण भरलेली गाडी गाणी ऐकत चढते. हा फरक ज्या यंत्राने घडवला ते बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत बसलेले असते आणि नारळाहून फार मोठे नसते.

त्याची कल्पना सूचली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता धुरावाटे वाया जाते, हे त्याने हेरले. त्या धुराच्या झोतावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही त्याची योजना. हवा जास्त मिळाली की इंधन जास्त जाळता येते आणि तेवढ्याच इंजिनातून अधिक ताकद निघते. या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. ती व्यवहारात उतरायला मात्र वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवले, तेव्हा त्यांची ताकद १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. त्याआधी १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस या अभियंत्याने एक विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच पर्वतावर नेऊन टर्बोची चाचणी घेतली होती. विरळ हवेतही इंजिनाचा दम टिकवता येतो, हे त्या पर्वतावर सिद्ध झाले. वाया जाणाऱ्या धुरातून कमाई काढणाऱ्या त्या स्विस माणसाचा हिशेब आपल्या पेढ्यांवरच्या कोणालाही चटकन पटेल.

‘टर्बो’ या लॅटिन शब्दाचा एक अर्थ भोवरा असा आहे, आणि हे नाव अगदी सार्थ आहे. लहान डिझेल गाडीच्या टर्बोचा दांडा भर चढणीवर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. एका टोकाला सातशे-आठशे अंश तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा आणि मधला दांडा तेलाच्या केसाहून पातळ थरावर तरंगत असतो. सामान्य गाड्यांच्या टर्बोत छर्ऱ्यांचे बेअरिंग नसते. तेल हेच त्याचे खरे बेअरिंग. दाबाने येणारे तेल दांड्याला उचलून धरते, त्याची उष्णता शोषून घेते आणि खालच्या नळीने आपल्या वजनानेच इंजिनाच्या तेलपात्रात परत जाते. हा प्रवाह काही क्षण तुटला तरी धातू धातूला घासतो. मुलांचा भोवरा डगमगू लागला की तो पडणार हे आपल्याला कळते. टर्बोचेही तसेच, फक्त त्याचे डगमगणे डोळ्यांना दिसत नाही. ते कानाला ऐकू येते आणि धुरात दिसते.

गेल्या माघात एका लग्नानिमित्त आम्ही रत्नागिरीस गेलो होतो. गाडी माझ्या भाच्याची, आठ आसनी, डिझेलची. त्याची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. बरोबर त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, सूनबाई, दोन मुले आणि मी. गाडी चालवणारे काका त्यांच्या घरी बारा वर्षांपासून आहेत. त्यापूर्वी त्यांनी याच रस्त्यावर मालमोटार चालवली होती. परतीला निघताना हातखंब्याजवळ ते भाच्याला म्हणाले होते, “मालक, जाताना शिट्टी बारीक होती, आता मोठी झालीया. कोल्हापुरात दाखवू या.” भाच्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीचा सौदा होता आणि त्याचे लक्ष फोनवर होते.

साखरपे मागे टाकून घाट चढायला लागलो तेव्हा पाच वाजायला आले होते. दोन वळणे पार झाली आणि गाडीची ताकद एकदम बसली. पाय दाबला तरी वेग वाढेना. शिट्टीचा आवाज भोंग्यासारखा चढत गेला आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने हात करून आमच्या धुराकडे बोट दाखवले. आरशात पाहिले तर मागचा सगळा रस्ता निळसर झाला होता. काकांनी पुढच्या वळणाआधीच्या रुंद जागेवर गाडी कातळाच्या बाजूला घेतली आणि लगेच चावी फिरवली. इंजिन बंद पडले. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, त्याचा उलगडा मला थोड्या वेळाने झाला.

त्यांनी प्रथम सर्वांना खाली उतरवून कातळालगतच्या उंचवट्यावर, गाडीपासून दूर बसवले. मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि लाल त्रिकोण बऱ्याच अंतरावर, वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला. मग बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. निघताना ते वरच्या खुणेला होते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते.

भाचा घड्याळाकडे पाहत होता. तो म्हणाला, “काका, तेलाचा डबा मागे आहे. तेल घालू आणि हळूहळू चढवू. आंबा काही फार लांब नाही.”

“धूर निळा हाय, मालक. काळा असता तर चढीवली असती.”

या एका वाक्यात यंत्रशास्त्राचा एक धडा आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरेसे आहे पण हवा कमी पडते आहे. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप फाटला किंवा निसटला तरी असे होते. गाडीची ताकद तशीच जाते; लोक टर्बो गेला म्हणून कपाळाला हात लावतात आणि प्रत्यक्षात किरकोळ खर्चात काम भागते. अशी गाडी सावकाश, जोर न लावता जवळच्या गावापर्यंत नेता येते. निळा धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळते आहे. टर्बोचा दांडा डगमगू लागला, त्याच्या दोन्ही टोकांच्या तेल अडवणाऱ्या कड्या झिजल्या की तेल धुराच्या वाटेने तरी जाते, नाहीतर हवेच्या वाटेने थेट इंजिनात शिरते.

दुसरी वाट अधिक भयंकर असते. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. डिझेल इंजिनाला फक्त दाबलेली हवा आणि जळण्याजोगे काहीतरी पुरते. हवेबरोबर स्वतःचेच तेल मिळू लागले की इंजिन ते जाळून धावू लागते. मग चावी फिरवून डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही. वेग वाढत जातो आणि तेल संपेपर्यंत किंवा आतले काही तुटेपर्यंत ते ओरडत राहते. हाताने गिअर बदलायची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवायचे, हा उपाय. तोही पहिल्या काही क्षणांत सुचला तर. स्वयंचलित गिअरच्या गाडीत तोही नाही. तेथे माणसांना दूर न्यायचे आणि इंजिनाजवळ कोणाला फिरकू द्यायचे नाही. काकांनी मालमोटार चालवत असताना एकदा असे पाहिले होते. आमचे इंजिन चावीने बंद झाले याचे त्यांना समाधान का वाटले, ते आता समजले. जे इंजिन एकदा सुखरूप बंद झाले, ते घाटात पुन्हा चालू करायला ते तयार नव्हते.

भाच्याने दुसरा मार्ग सुचवला. “मग इंजिन बंदच ठेवू. गाडी वळवून उताराने सोडली तर साखरप्यापर्यंत आपोआप जाईल.”

या सूचनेने मीही क्षणभर आशेने पाहिले, कारण अक्काचे वय ७४ आणि हवेत गारवा उतरू लागला होता. काकांनी मान हलवली. “इंजिन बंद तर बिरेकला जोर न्हाई. दोनदा दाबला की पाय दगडावर पडल्यागत हुतं. इस्टेरिंगबी जड हुतं. आन् खाली दरी हाय.”

ते अक्षरशः खरे आहे. गाडीच्या ब्रेकला पायाखेरीज जी मदत मिळते, ती डिझेल गाडीत इंजिनावर चालणाऱ्या निर्वात पंपाकडून येते. इंजिन थांबल्यावर साठलेली मदत दोन-तीन वेळा पुरते. मग सगळा भार माणसाच्या पायावर. शिवाय गाडी गिअरमधून काढून उताराने सोडली की गिअरने ती आवरण्याचा आधारही जातो. वाचकहो, घाटात बंद पडलेली गाडी उताराने सोडण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तो फुकटचा वाटतो. तेवढा महाग मोह दुसरा नाही.

भाच्याचा चेहरा उतरला. सकाळचा सौदा त्याच्या मनात होता. आणि सौद्याची वेळ गाडीच्या टर्बोसाठी थांबत नाही, हे मी समजू शकत होतो. पण त्याने काकांना हुकूम केला नाही. तो अक्काजवळ जाऊन बसला, एका अडत्याला फोन करून दुसऱ्या दिवशीचा माल पाहण्याची विनंती केली आणि म्हणाला, “काका सांगतील तसं.” मालकाने नोकराचे ऐकले, यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. बँकेतील इतक्या वर्षांत मी अनेक पेढ्या जवळून पाहिल्या. ज्यांच्याकडे गोदामातल्या माणसाचे म्हणणे गादीपर्यंत पोहोचत असे, त्या पेढ्यांचे कर्ज वसूल करायला मला कधी जावे लागले नाही.

पुढचा दीड तास आम्ही त्या उंचवट्यावर काढला. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण घाटाच्या मध्यावर इतका वेळ कधी बसलो नव्हतो. खाली साखरप्याकडे धुराच्या बारीक रेघा वर येत होत्या. समोरच्या कड्यावरचे ऊन पिवळे होत होत तांबूस झाले. मुलांना काटेसावरीची पडलेली फुले सापडली. खालून येणाऱ्या एका मालमोटारीच्या चालकाने आपणहून वेग कमी करून विचारले, “काय झालं?” काकांनी दोन शब्दांत सांगितले; त्याने पाण्याची बाटली आणि एक जाड चादर अक्कासाठी दिली आणि चादर आंब्याच्या एका चहाच्या टपरीवर ठेवा म्हणून सांगून तो गेला. मग रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारी एसटी आली. चालकाने हात पाहून ती थांबवली. अक्का, सूनबाई आणि मुले भाच्यासह तिच्यातून गेली. मी काकांसोबत थांबलो. दिवस मावळता मावळता मलकापूरहून गाडी उचलून नेणारे वाहन आले. आमची गाडी त्याच्या पाठीवर बसली आणि आम्ही आंब्याचा माथा पार केला. टपरीवर चादर दिली. चहावाल्याने ती न विचारता घेतली. जणू रोजचेच काम.

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर म्हणजे लोखंडाशी बोलणाऱ्या माणसांची वस्ती. ओतशाळा, लेथ, इंजिनांची कामे यांनी हा परिसर गेली कित्येक दशके गजबजलेला आहे. काकांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे दुसऱ्या दिवशी गाडी लागली. त्यांनी टर्बोच्या तोंडाचा पाइप काढला आणि दांड्याचे टोक बोटाने हलवून मला दाखवले. तो सहज डुगडुगत होता. चक्राची पाती कवचाला घासून कडा चमकत होत्या. भाचा म्हणाला, “नवीन मागवा. आज बसवून द्या.”

मिस्त्रींनी विचारले, “या गाडीचा हा कितवा टर्बो?”

प्रश्न अनपेक्षित होता. भाच्याने सांगितले, चौदा महिन्यांपूर्वी एका ठिकाणी टर्बो बदलला होता. मिस्त्री म्हणाले, “म्हणजे हा मेलेला दुसरा. तिसरा बसवण्याआधी मारणारा कोण, ते बघू या.”

भाच्याने दुकानातून जुनी बिले फोनवर मागवली. हिशेब तपासण्याची माझी जुनी सवय. मी ती वाचली. इंजिन तेल वेळेवर बदललेले होते. चौदा महिन्यांपूर्वीच्या बिलात टर्बोची पाच आकडी किंमत आणि मजुरी, एवढ्या दोनच ओळी होत्या. तेल आणणारी नळी नाही, गाळणी नाही, तांब्याचे वॉशर नाहीत, तेलपात्र उघडल्याची नोंद नाही. गाडी त्या वेळी एका दिवसात परत मिळाली होती आणि सर्वांना त्याचे कौतुक वाटले होते.

मिस्त्रींनी टर्बोला तेल पुरवणारी बारीक नळी काढून उजेडाकडे धरली. आरपार काही दिसेना. आत तेल जळून झालेला काळा कडक थर जमला होता आणि जेमतेम सुई जाईल एवढी वाट उरली होती. मग त्यांनी तेलपात्र खाली उतरवले. तळाशी डांबरासारखा चिखल होता आणि पंपाच्या तोंडाची जाळी त्याने अर्धी बुजली होती. चौदा महिन्यांपूर्वी नवा कोरा टर्बो या उपाशी नळीला जोडला गेला होता. तो पहिल्या दिवसापासून मरत होता. घाटाने फक्त तारीख ठरवली. शेवटी त्यांनी दाबलेली हवा गार करणारा, पुढच्या जाळीमागचा इंटरकूलर काढून कलता केला, तेव्हा त्यातून पेलाभर तेल पातेल्यात पडले. “हे तसंच ठेवून नवीन टर्बो लावला असता,” मिस्त्री म्हणाले, “तर पहिल्या चढाला इंजिननं हे ओढून घेतलं असतं. मग चावी ऐकली नसती.”

ते पातेले पाहताना माझे मन बँकेच्या कर्ज विभागात गेले. आजारी पडलेला उद्योग आला की नव्या यंत्रासाठी कर्ज मागितले जाई. यंत्र डोळ्यांना दिसते, त्याला किंमत असते, त्याचे तारण घेता येते. पण बहुतेक उद्योग यंत्राअभावी मरत नाहीत. खेळते भांडवल कुठेतरी अडते आणि यंत्र उपाशी राहते. देणेकऱ्यांकडे पैसा तुंबला आहे, गोदामात न खपणारा माल साचला आहे, ही बुजलेली नळी शोधल्याशिवाय दिलेले नवे कर्ज म्हणजे जुन्या नळीला जोडलेला नवा टर्बो. तेल हे इंजिनाचे खेळते भांडवल आहे. ते किती आहे याहून ते फिरते आहे का, हा प्रश्न मोठा.

काम पुरे व्हायला चार दिवस लागले. टर्बो नवा आलाच. त्याबरोबर तेलाच्या येण्या-जाण्याच्या दोन्ही नळ्या, गाळण्या, वॉशर आणि तेल नवे पडले. तेलपात्र व जाळी धुतली गेली, इंटरकूलर आतून स्वच्छ झाला, हवेचे पाइप पुसले गेले आणि इंजिनातील वाफ बाहेर सोडणारी वाट मोकळी केली. ही वाट तुंबली तर आत दाब वाढतो, टर्बोतले तेल खाली उतरत नाही आणि चांगल्या कड्यांतूनही गळते. जोडांना गॅस्केटऐवजी चिकट लुकण लावण्यास मिस्त्रींचा नकार होता. त्याचा तुकडा सुटून नळीत अडकतो. इंजिन चालू करण्याआधी त्यांनी नव्या टर्बोच्या छिद्रात स्वच्छ तेल ओतून चक्र हाताने फिरवले. टर्बोच्या किमतीपुढे या बाकीच्या वस्तूंची बेरीज लहान होती. वेळ मात्र लागला, आणि हल्ली आपण पैशापेक्षा वेळ द्यायला अधिक कचरतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ मापदंड लागू झाले. आजच्या नव्या डिझेल गाडीत, घरची असो वा मालाची, टर्बो असतोच. आपल्यापैकी बहुतेक घरांत तो आहे, म्हणून चार गोष्टी नोंदवून ठेवतो. कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे आणि मुदतीत बदलावे. धुळीच्या व घाटाच्या रस्त्यावर मुदतीआधीच. हवेची गाळणी फाटकी ठेवू नये, कारण लाख फेरे घेणाऱ्या पात्याला वाळूचा कणही गोळीसारखा लागतो. सकाळी गाडी सुरू होताच जोरात दामटू नये. तेल वरपर्यंत पोहोचू द्यावे. शिट्टीचा सूर बदलला, तेल नेहमीपेक्षा लवकर उतरू लागले, चढाला ताकद कमी वाटली, तर घाटाआधी दाखवावे. आणि टर्बो बदलावाच लागला तर गॅरेजवाल्याला किमतीआधी विचारावे, “आधीचा कशाने गेला?” या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याच्याकडेच काम द्यावे. बिलात तेलाच्या नळीची ओळ आहे का, हेही पाहावे.

एक गोष्ट आणखी. लांब चढण चढून आल्यावर टर्बो रसरसलेला असतो. त्याच क्षणी इंजिन बंद केले तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि दांड्यापाशी अडकलेले तेल तिथेच करपते. त्या करपण्यातूनच नळ्या बुजू लागतात. कोकणातून वर येताना आंब्याला बहुतेक गाड्या थांबतात. थांबावेच, कारण मागे वळून पाहिले तर सगळे कोकण पायाखाली असते. तेथे इंजिन मिनिटभर तसेच, जोर न देता चालू राहू द्यावे. घरातली वडीलधारी माणसे दाराला धरून, पदर-काठी सावरत खाली उतरतात तोपर्यंत ते मिनिट होऊन जाते.